नवं इंटरनेट चालत नाही? आधी दोष कुठे आहे ते शोधा

बंगळुरूत घर बदललं की नवं कनेक्शन घेणं आलंच. माणूस येतो, वायर ओढतो, स्वतःच्या लॅपटॉपवर इंटरनेट चालवून दाखवतो आणि निघून जातो. मग आपण आपला कॉम्प्युटर जोडतो, तर एक पान उघडत नाही!

माझ्याकडे हेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. कस्टमर केअरचं एकच उत्तर: "सर, आमच्याकडून चालू आहे." तासभर मी राउटर बंद-चालू करत बसलो. तुम्ही तसं करू नका. घरातून बाहेर, एकेक टप्पा तपासत जा.

पहिला टप्पा, दिवे. फायबरच्या डब्यावर 'लॉस' असं लिहिलेला दिवा लाल असेल, तर प्रकाश घरापर्यंत येतच नाही. कॉम्प्युटरला हात लावू नका, तक्रार करा. तंत्रज्ञाला "केंपु लाइट बर्तिदे" एवढं कन्नड सांगितलं तरी पुरे. बिल्डिंगमधल्या स्विचवरून साधी वायर आली असेल, तर त्या स्विचची वीज गेली आहे का, ते वॉचमनला विचारा.

दुसरा टप्पा, पत्ता. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'आयपीव्ही४' पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरने पत्ता मागितला, पण कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. मधे राउटर असेल, तर वायर किंवा राउटर तपासा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तो बहुधा राउटरने दिलेला आहे. म्हणजे घरातला टप्पा ठीक.

तिसरा टप्पा, हाक. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पिंग' लिहून, जागा सोडून ८.८.८.८ टाका. उत्तर आलं, पण वेबसाइट उघडत नाहीत? मग अडचण बहुतेक डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची. सेटिंग्जमध्ये डीएनएस म्हणून हेच ८.८.८.८ भरून बघा.

उत्तरच आलं नाही, तर अडचण राउटरच्या पुढे आहे. काही कंपन्यांचं लॉगिनचं पान आधी भरावं लागतं, काहींचं यूजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये टाकावे लागतात.

आणि काही कंपन्या पहिल्यांदा जोडलेल्या यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा हार्डवेअर क्रमांक, नोंदवून ठेवतात. दुसरं यंत्र जोडलं की दार बंद. माझं घोडं इथेच अडलं होतं: नोंद तंत्रज्ञाच्या लॅपटॉपची, आणि जोडलेला राउटर माझा!

मी पुन्हा फोन केला. "नेट चालत नाही" असं न म्हणता म्हणालो, "जुना मॅक काढा, माझ्या राउटरचा लिहून घ्या." राउटरच्या तळाशी चिकटवलेला क्रमांक वाचून दाखवला. दहा मिनिटांत काम झालं. इंटरव्ह्यूही वेळेवर झाला.

तेव्हा मंडळी, तक्रार करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: दिव्याचा रंग, पत्त्याची सुरुवात आणि पिंगचं उत्तर. मग "आमच्याकडून चालू आहे" म्हणणाऱ्यालाही पुढचं तपासावंच लागतं.