दहा कामट्यांची चांदणी

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की वसईतल्या आमच्या घराच्या ओटीवर बांबू येऊन पडतो आणि त्याच्यामागून आळीतली पोरं जमतात. त्यांत आमच्या चर्चला येणारी असतात, तशी दिवाळीत आकाशकंदील करून हात बसलेलीही असतात. खरं सांगायचं तर कामट्या बांधण्यात ही दुसरी मंडळी जास्त तयार. बाजारात प्लास्टिकची चांदणी मिळते, घडी उघडली की झाली. तरी आम्ही नाताळची चांदणी घरीच करतो. ती कशी, ते सांगतो.

कामट्या लागतात दहा. प्रत्येकी 60 सेंटिमीटर लांब आणि सारख्या जाडीच्या. बांबू चिरायचं, कोयत्याचं काम मोठ्यांचं. मुलांनी पॉलिश पेपरने कडा घासायच्या, नाहीतर कूस बोटात शिरते. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन बांधायच्या. बहुतेकांची गाडी इथेच अडते. नुसत्या अंदाजाने बांधायला गेलं की एक पाय लांब, एक आखूड, असा खेकडा तयार होतो! त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करायची. मधे 14 उरतात. एका कामटीला दुसऱ्या दोन कामट्या छेदतात त्या याच खुणांवर. खुणेवर खूण ठेवून दोरा आवळला की चांदणी आपोआप सरळ येते.

यात जादू काही नाही. भूमितीत ज्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात, म्हणजे साधारण 1.618, तेच इथे मोठ्या आणि मधल्या तुकड्यांत असतं. जर्मनीत निस्की या गावी मोरावियन पंथीयांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांकडून कागदी चांदण्या करवून घेत, त्या भूमितीचा धडा म्हणूनच. आमच्या ओटीवर भूमितीचं नाव काढलं तर निम्मी पोरं पळतील, म्हणून मी फक्त खुणा करायला सांगतो.

मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं घट्ट बांधायची. आतल्या पाच छेदांपाशी दोन चांदण्यांच्या मधे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे उभे बसवायचे. पाचवा तुकडा बसला की इतका वेळ सपाट पडलेल्या सांगाड्याला एकदम पोट येतं. हा क्षण मुलांना फार आवडतो, मलाही. कागद पतंगाचा घ्यावा, आणि खळ मैद्याची. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी चिमूटभर मोरचूद टाकत. ते विष आहे, मुलांच्या हाताशी नको. मागचा एक त्रिकोण दिव्यासाठी उघडा ठेवावा. आमच्या लहानपणी पिवळ्या बल्बच्या उष्णतेने कागद करपायचा. आता लहानसा एलईडी दिवा लावला की ती काळजी बरीच कमी होते, पण वायरचा जोड मोठ्यांनीच तपासावा.

कामट्या आवळण्याइतकं बळ नसलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांना मी मिठाची कणीक देतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसं, जास्तीत जास्त वाटीभर पाणी. मळून पाव इंच जाड लाटायची, वाटीने किंवा बाटलीच्या झाकणाने आकार कापायचे आणि ओलं असतानाच स्ट्रॉने भोक पाडायचं. वाळल्यावर भोक पाडायला गेलात तर तुकडे हातात येतील. उन्हात उलटसुलट करत दोन-तीन दिवस वाळवावं. मिठामुळे बुरशी लवकर धरत नाही, पण तेच मीठ हवेतला ओलावा शोषतं. समुद्राकाठच्या आमच्या हवेत पावसाळ्यात हे दागिने मऊ पडतात. दोन्ही बाजूंनी व्हार्निश देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर टिकतात. आणि हो, घरात कुत्रा असेल तर झाड उंचावर ठेवा. एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

गव्हाणीसाठी ताटात नाचणी पेरायची, ती आठ-दहा दिवस आधी. त्यात शिकवण्यासारखं काही नाही. पाणी कोण घालणार यावरून भांडणं मात्र होतात.

चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायला हवी. माझी नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिने पहिल्यांदाच एकटीने चांदणी बांधली. खुणा चुकल्या होत्या, एक टोक चांगलंच वाकडं होतं. रात्री सगळे झोपल्यावर मी दोरा सोडला, कामटी सरकवली, फाटलेला कागद बदलला. सकाळी ती ओटीवर आली, चांदणीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझी कुठे आहे?" ही तुझीच, असं मी सांगितलं. तिने हात लावून गाठ पाहिली. ती दोन वेढ्यांची गाठ मारते, मी तीन. काही न बोलता आत गेली. त्या वर्षी चांदणी मीच टांगली. पुढची दोन वर्षं ती ओटीवर आलीच नाही, मोबाइल घेऊन आत बसायची.

यंदा आली. बारा वर्षांची आहे, मला न विचारता 23 वर खुणा केल्या. तरी एका कामटीवर 25 झालेच. मला दिसलं. मी खळ ढवळत राहिलो. ती चांदणी आता दारावर आहे, खालचं डावं टोक थोडं लांब. वायरचा जोड तेवढा मी तपासला, तिला विचारून.