वैमानिक मुलीनं कंपनी बदलावी का?

आज विषय विमानाचा आहे. हसू नका, विषय आपल्याच दारातला आहे. नांदेड, जळगाव, कोल्हापूर, सोलापूर, सिंधुदुर्ग या ठिकाणांहून आता छोटी विमानं उडतात. आणि त्या विमानांत पुढच्या खुर्चीवर मुलीही बसतात. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे. जगात ते ५ टक्क्यांच्या आगेमागे आहे. म्हणजे या एका गोष्टीत आपण जगाच्या पुढं आहोत. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी ऐंशीच्या दशकात कोलकाता ते सिलचर असं विमान नेलं, तेव्हा चालक दलात सगळ्या बायकाच होत्या. तेही पंख्याचं, कमी अंतराचं छोटं विमानच होतं.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी अशाच छोट्या कंपनीत सहवैमानिक आहे. तिला मोठ्या कंपनीनं बोलावलंय. घरात रोज चर्चा. मामा म्हणतो जा, वडील म्हणतात थांब, शेजारच्या काकू म्हणतात, "मोठी कंपनी सोडून कुणी विचार करतं का!" ताईंनी मला विचारलं ते वेगळ्या कारणानं. मुलीच्या शिक्षणाच्या कर्जावर त्यांची सही आहे आणि घर तारण आहे. शैक्षणिक कर्ज ७.५ लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि वैमानिक व्हायला लागतात पन्नास लाख आणि वर. तेव्हा मुलीची नोकरी हा एकट्या मुलीचा प्रश्न राहत नाही. मुलगी सुट्टीवर आली तेव्हा तिची सगळी कागदं घेऊन आम्ही तिघी बसलो. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी या नोकरीची शिडी समजून घेऊ. २०० तास उड्डाण झालं की व्यावसायिक परवाना मिळतो. पण त्या परवान्यावर कुठलंही विमान चालवता येत नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ट्रॅक्टर येतो म्हणून एसटी चालवता येत नाही, तसंच. आपल्या छोट्या शहरांत येतं ते बहुतेक एटीआर, पंख्याचं, सत्तरेक माणसांचं. मोठ्या कंपन्यांकडं असतं ते एअरबस ३२०, जेट, १८० माणसांचं. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर पुन्हा काही महिने शिकायचं. सहवैमानिकाची कमांडर व्हायची असेल तर वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास लागतात. शिवाय कंपनीला जागा हवी, आणि कंपनीच्या परीक्षेत उतरायला हवं. सहवैमानिक आणि कमांडर यांच्या पगारात मोठी दरी असते. खरी उडी तिथं आहे. कंपनीचं नाव बदलून तेवढं मिळत नाही.

आता छोटी कंपनी. या कंपन्या पुष्कळदा सरकारच्या 'उडान' योजनेवर उभ्या असतात. २७ एप्रिल २०१७ ला योजनेची पहिली विमानं उडाली, त्यात आपलं नांदेड ते हैदराबादही होतं. एखाद्या मार्गावर तोटा होत असेल तर सरकार तीन वर्षं भर घालतं, आणि तेवढा काळ तो मार्ग त्या एकाच कंपनीला असतो. तीन वर्षं संपली की आपल्या पायावर उभं राहायचं. इथंच घोडं अडतं. कॅगनं २०२३ मध्ये हिशेब मांडला. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले होते, त्यातले ३७१ सुरू झाले, तीन वर्षं पुरी केली ती ११२ मार्गांनी, आणि त्यापुढं टिकले फक्त ५४. नांदेडला ज्या ट्रूजेट कंपनीचं विमान यायचं, ती २०२२ च्या फेब्रुवारीत बंद पडली. दुसरीकडं कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर चालू आहे, गोव्याची फ्लाय ९१ मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. म्हणजे छोटी म्हणून बुडणारच, असं नाही.

आणि मोठी म्हणून तरणारच, असंही नाही. शेजारच्या काकूंना मी हेच सांगितलं. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. तिन्ही नावं गाजलेली, जाहिराती टीव्हीवर. जेटमध्ये बंद पडायच्या आधी कित्येक महिने वैमानिकांचे पगार लांबत होते. आपल्या गावात पतसंस्था बुडायच्या आधी काय होतं? "उद्या या" सुरू होतं. इथंही तेच.

म्हणून कंपनी छोटी की मोठी हे बाजूला ठेवून तिची तब्येत बघायची. त्याला विमानशास्त्र लागत नाही. पगार कुठल्या तारखेला होतो आणि गेल्या वर्षभरात ती तारीख किती वेळा घसरली, हे बँकेच्या पासबुकात दिसतं. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मोबाईलवर उघडतं. मागच्या महिन्याचे पैसे या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कंपनीनं भरायचे असतात. पगारपत्रकावर कपात आहे पण पासबुकात जमा नाही, असं दोन महिने दिसलं तर ती घंटा समजा. शिवाय मुलीला विचारा, कंपनीची किती विमानं उडतात आणि किती सुटे भाग नाहीत म्हणून उभी आहेत. विमान उभं म्हणजे तास नाहीत, तास नाहीत म्हणजे शिडीची पुढची पायरी नाही. ताईंच्या मुलीच्या पासबुकात सगळं वेळेवर होतं. तिथं आमचा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग नोटीस आणि बाँड. इथं मी जरा थांबते, कारण घरोघरी भांडणं यावरूनच होतात.

वैमानिकाला राजीनामा देऊन पुढच्या महिन्यात निघता येत नाही. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएनं २०१७ मध्ये नियम केला की सहवैमानिकानं सहा महिने आणि कमांडरनं एक वर्ष आधी नोटीस द्यायची. कंपनीनं ना हरकत दिली तर लवकर सुटता येतं. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न पुरवता निघून गेले, विमानं रद्द करावी लागली, आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कोर्टाची पायरी आपल्या मुलीनं चढावी असं कुणाला वाटेल?

बाँड वेगळा. तो कंपनीनं प्रशिक्षणाला खर्च केला म्हणून असतो. इतकी वर्षं राहीन, नाहीतर इतके पैसे देईन. लोक सांगतात, "बाँड कोर्टात टिकत नाही." असं सरसकट नाही बरं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि २ लाखांची भरपाई मान्य केली. भरपाई वाजवी असली तर ती द्यावी लागू शकते, असंच धरून चालायचं.

आता हिशेब. रकमा त्या मुलीच्या नाहीत, समजायला सोप्या म्हणून घेते. समजा बाँडचे १० महिने बाकी आहेत आणि एक दिवस जरी आधी गेली तरी ८ लाख भरायचे. नव्या कंपनीत महिना ५० हजार जास्त. आज राजीनामा दिला तरी नोटिशीमुळं ती निघणार सहा महिन्यांनी. तेव्हा बाँडचे राहतील फक्त चार महिने. त्या चार महिन्यांत जास्तीचे मिळणार २ लाख, आणि त्यासाठी भरायचे ८ लाख! हे लिहून दाखवलं तेव्हा ताई म्हणाल्या, "अगं, हे तर म्हशीपेक्षा दावं महाग." उलट चार महिने थांबून राजीनामा दिला, तर नोटीस आणि बाँड एकाच दिवशी संपतात. फक्त नोटिशीचा काळ बाँडमध्ये धरतात की नाही, आणि भरपाई महिन्यागणिक कमी होते की सरसकट आहे, हे कंपनीकडून लेखी घ्यायचं. तोंडी नको.

आणखी एक खर्च कुणी मोजत नाही. नव्या कंपनीत जेटचं प्रशिक्षण चालू असताना पुरा पगार नसतो. समजा पाच महिने आताच्यापेक्षा महिना एक लाख कमी मिळाले, तर पाच लाखांचा खड्डा. तो महिना ५० हजारांनी भरायला दहा महिने. म्हणजे रुजू झाल्यापासून सव्वा वर्षानं ती बरोबरीवर येणार. बँकेचा हप्ता मात्र सव्वा वर्ष थांबत नाही. माझं मत विचाराल तर त्या पाच महिन्यांचे हप्ते आधी बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा लिहायचा नाही.

थांबण्याचीही किंमत आहे, ती लपवून चालणार नाही. मोठ्या कंपनीत सगळं ज्येष्ठतेच्या यादीवर चालतं. रुजू झाल्याच्या क्रमानं नंबर लागतो. कुणाला कुठलं शहर, कुणाला दिवाळीची सुट्टी, कुणाला आधी कमांडर करायचं, यात तो नंबर बोलतो. चार महिन्यांत शंभर जण आधी लागले तर ते शंभर जण तुमच्या पुढं, आणि बहुतेक कायमचे. आपल्या बदलीच्या यादीसारखंच. आणि बोलावणारी कंपनी दहा महिने वाट बघेलच असं नाही. म्हणून आधी विचारायचं, रुजू व्हायची तारीख पुढची मिळेल का. कंपन्यांना नोटिशीचा नियम माहीत असतो, तेव्हा विचारण्यात गैर काही नाही.

पण या मुलीच्या बाबतीत तराजू दुसरीकडं झुकवणारी एक गोष्ट निघाली. तिचे ११०० तास झालेत. महिन्याला साठ-सत्तर तास उडते. म्हणजे सहाएक महिन्यांत १५०० होतील. छोट्या कंपनीत तिच्या पुढं रांग लहान आहे, तिथं कमांडर लवकर होण्याची शक्यता आहे. मोठीत रांग लांब. एकदा कमांडर म्हणून उडलेले तास वहीत चढले की ते कुठंही जा, तुमचेच. मला विचाराल तर कंपनी पगार वेळेवर देत असेल आणि वर्ष-दीड वर्षात कमांडर करायला तयार असेल, तर मी मुलीला थांब म्हणेन. दोन गोष्टी मात्र डोळ्यांसमोर ठेवून. कमांडर झाली की नोटीस सहा महिन्यांची एक वर्ष होते. आणि त्या प्रशिक्षणासाठी नवा बाँड पुढं केला जाऊ शकतो. तो बढतीच्या आनंदात न वाचता सही करायचा नाही. "बघू, करू" असं म्हणणारी कंपनी असेल, तर बाँड संपेल त्या दिवशी निघावं.

पगाराचा आकडा बघताना त्याच्या पोटात शिरायचं. वैमानिकाच्या पगारात ठरावीक तासांचे पैसे पक्के असतात, त्यावर उडाल तेवढे. २०२४ मध्ये विस्तारा कंपनीत याच गोष्टीवरून गोंधळ झाला. पूर्वी ७० तासांचे पैसे पक्के होते, नव्या करारात ४० तासांचे केले. वैमानिक नाराज झाले, आजारपणाच्या रजा पडल्या, विमानं रद्द झाली. तेव्हा "महिना इतके" असं कुणी सांगितलं तर विचारायचं, किती तासांचे पक्के? पावसाळ्यात विमान उभं राहिलं तरी मिळतील ते किती? हप्ता त्या पक्क्या आकड्यातून निघायला हवा.

राहणं कुठं, हेही आहे. छोट्या कंपनीत मुलगी पुष्कळदा रात्री आपल्या खोलीवर परत येते. मोठीत चार-चार रात्री बाहेर पडू शकतात. पण हा निर्णय मुलीचा. आपण त्यात फार बोलू नये असं मला वाटतं. लग्नाचं बघायचं म्हणून जवळ राहा, असं तर मुळीच नको.

मात्र बाळंतपणाचा कायदा तिला माहीत हवा, आणि तो विषय आईनंच काढावा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. पण बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडं किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. कंपनी बदलली की हे दिवस नव्यानं मोजायला सुरुवात. गरोदरपणात उड्डाणाला बंधनं येतात, म्हणजे तासांचे जादा पैसे थांबतात. पाच वर्षं पुरी व्हायला थोडे महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटीचंही बघून घ्यावं. पाच वर्षांच्या आत सोडली तर ती सहसा जाते.

आणि शेवटचं, विम्याचं. वैमानिकाची वैद्यकीय तपासणी ठरलेल्या मुदतीनं होत राहते. डोळा, कान, साखर, रक्तदाब, कशातही अडकलं तर उड्डाण बंद. त्यासाठी परवाना गेल्यास पैसे देणारा विमा असतो, तो कित्येकदा कंपनीमार्फत असतो. नोकरी सोडली त्या दिवशी तो संपतो. नवीन कंपनीचा कधी लागू होतो, रुजू झाल्यावर की प्रशिक्षण पुरं झाल्यावर? मधले महिने उघडे राहत असतील तर स्वतःचा विमा त्याआधी घ्यायचा. कर्जावर आईची सही आहे, घर तारण आहे, तेव्हा हा प्रश्न आईनं विचारला तर तो अविश्वास होत नाही.

मुलगा-मुलगी परिचारिका असो, ड्रायव्हर असो की वैमानिक, ज्यांच्या घरी असे बाँडचे कागद पडून आहेत त्या ताईंनी पुढच्या मासिक बैठकीला ते सोबत आणावेत. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा. चष्मा मात्र विसरू नका, बारीक अक्षरातली कलमं शेवटच्या पानावर असतात.