लॅमिनेट फरशी फुगली? पोछा मारणारीला बोल लावण्याआधी हे वाचा

गावोगावी स्लॅबची घरं झाली तशी बैठकीच्या खोलीत लाकडासारखी दिसणारी फरशी टाकायची हौसही वाढली. दुकानदार तिला लॅमिनेट म्हणतात, गावात 'लाकडी फरशी' म्हणतात. दिसायला झकास, थंडीत पायाला गार लागत नाही आणि दोन माणसं एका दिवसात खोली उरकतात. पण पहिल्याच पावसाळ्यात ती फुगल्याची तक्रारही तितकीच ऐकू येते.

आमच्या घरी हेच झालं. कांद्याचे दोन पैसे बरे आले म्हणून बारा बाय दहाच्या खोलीत मे महिन्यात ही फरशी टाकली. ऑगस्टमध्ये खोलीच्या मधोमध उंचवटा आला. पाय ठेवला की दबायचं आणि करकर वाजायचं. घरात सगळ्यांनी आईकडे बोट दाखवलं. तिने निम्मं आयुष्य जमीन सारवली, पुढे शहाबादी फरशी बादलीने धुतली. तिच्याच पाण्याने वाट लागली असं मीही बोलून गेलो. त्या दिवसापासून आईने त्या खोलीत पाय टाकला नाही. टीव्हीसुद्धा दारात बसून बघायची.

दिवाळीच्या तोंडावर जाणकार कारागीर आणला. त्याने भिंतीलगतची पट्टी उचकटली आणि आम्हाला बोलावून दाखवलं. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये जी फट मोकळी ठेवायची, ती बसवणाऱ्याने व्हाइट सिमेंटने गच्च भरली होती. दोष आईच्या बादलीचा नव्हताच.

ही फरशी आहे तरी काय?

नाव फरशी असलं तरी हा दगड नाही आणि अखंड लाकूडही नाही. लाकडाचा बारीक भुगा-तंतू चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी म्हणजे तिचा गाभा. त्याला एचडीएफ म्हणतात. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद असतो आणि कागदावर मेलामाइनचा पारदर्शक कडक थर. चरे पडू नयेत म्हणून त्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइड घालतात. पॉलिश पेपरवर जी खर असते, त्यातही हेच वापरतात. स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ साली ही फरशी तयार केली.

वरचा थर पाणी अडवतो, पण दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत गेलं की गाभा फुगतो. फुगलेला गाभा वाळल्यावर पूर्ववत बसत नाही. अशा फळीला रंधा मारता येत नाही, कारण वर फक्त कागद आहे.

दुसरी गोष्ट, ही फरशी जमिनीला चिकटवत नाहीत. फळ्या एकमेकींत अडकवून फोमच्या थरावर नुसत्या ठेवतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन अख्खी फरशी थोडी पसरते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून चारी भिंतींलगत आणि चौकटीपाशी ८ ते १० मिलिमीटर फट लागते. ती फट पट्टीखाली झाकली जाते. फट बुजवली तर फरशीला पसरायला जागाच उरत नाही, मग ती मधून वर उठते.

दोष कुठला, कसा ओळखायचा?

खोलीच्या मधोमध उंचवटा आला आणि फळ्यांच्या कडा चांगल्या असतील, तर बहुतेक भिंतीलगतची फट बुजलेली असते. पट्टी काढून फट मोकळी केली की काही दिवसांत फरशी बरीचशी खाली बसते. आमची तशीच बसली.

एखाद-दुसऱ्या फळीच्याच कडा ओठासारख्या वर आल्या असतील, तर तिथे वरून पाणी साचलेलं असतं. ती फळी बदलावी लागते.

पुष्कळ फळ्या फुगल्या आणि कुबट वास येतो, तर ओल खालून आहे. नवा कोबा नीट वाळायच्या आत फरशी टाकली किंवा खाली प्लास्टिकचा कागद अंथरलाच नाही, तर असं होतं.

टाकण्याआधी

दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद कोब्यावर ठेवून चारी कडा टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खाली दव दिसलं किंवा कोबा काळपट पडला, तर थांबा.

फरशीचे खोके त्याच खोलीत दोन दिवस आडवे ठेवा, म्हणजे फळ्या तिथल्या हवेला सरावतात. खोक्यावर एसी ३ किंवा त्याहून वरचा आकडा बघून घ्या. हा आकडा झिजेचा आहे, पाण्याचा नाही. दोन-चार फळ्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा. तोच रंग पुढे मिळेलच असं नाही.

गाभा लाकडाचाच, त्यामुळे वाळवीही लागू शकते. घराला आधीपासून वाळवी असेल, तर तिचा बंदोबस्त आधी करा.

स्वयंपाकघर, मोरी, पडवी आणि जिथे देवाला पाणी घालता ती जागा, इथे ही फरशी टाकूच नका. जी जागा धुवावी लागते तिथे शहाबादी, कोटा नाहीतर टाइल्सच बऱ्या.

रोजची निगा

आपण शेतातून येतो, पायाला माती-मुरूम असतो. वरचा थर कितीही कडक असला तरी खुर्चीच्या पायाखाली कच अडकली की चरा पडतोच. चपला बाहेर, दारात जाड पायपुसणं आणि रोज मऊ झाडू, एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

पोछा मारायला हरकत नाही. फक्त फडकं असं पिळा की थेंब गळता कामा नये. पुसल्यावर दोन-तीन मिनिटांत फरशी कोरडी झाली पाहिजे. बादली ओतणं, पाइप मारणं बंद. पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या, "वाळेल आपोआप" म्हणू नका.

ॲसिड, धुण्याची पावडर, घासणी आणि मेण वापरू नका. तेल सांडलं तर आधी कोरड्या कपड्याने टिपा, मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. समई, उदबत्तीखाली ताट ठेवा. जळालेला डाग निघत नाही.

पलंग, कपाट ओढू नका, दोघांनी उचला. पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवा. धान्याची पोती या खोलीत रचू नका. उन्हाळ्यात कूलर भरताना पाणी सांडतं, तो खिडकीबाहेर ठेवा. पावसाची झड आत येते तेव्हा खिडकी लावून घ्या.

एवढं जमणार असेल तर ही फरशी घरात बरीच वर्षं टिकते. जमणार नसेल तर पैसे टाइल्सवर घाला, त्यात कमीपणा नाही.

आणि फरशी फुगलीच, तर आधी भिंतीलगतची पट्टी काढून बघा. घरात जी बाई रोज वाकून पुसते, तिच्यावर खापर फोडायला सोपं असतं. आमच्याकडे चूक बसवणाऱ्याची, पैसे मोजून नीट न बघणारा मी आणि बोल खाल्ले आईने. मी तिची माफी मागितली. आता त्या खोलीतलं फडकं तिच्याच हातात आहे, आणि घरात सगळ्यांत घट्ट तीच पिळते.