बोटीचे इंजिन धरत का नाही?

ठाण्याहून जुन्या रस्त्याने भिवंडीला जाताना कशेळीच्या पुलावर उल्हासची खाडी ओलांडावी लागते. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठा आरमाराची उभारणी याच खाडीकाठी सुरू झाली. त्या गलबतांना वारा आणि भरती पुरत असे. आज हेच पाणी जिथे समुद्राला मिळते त्या वसईच्या किनाऱ्यावर, आणि तिथून खाली सिंधुदुर्गापर्यंत, मासेमारीचा दिवस डिझेल इंजिनाच्या पहिल्या ठोक्यावर अवलंबून असतो.

तो ठोका सर्वांत जास्त अडतो ऑगस्टमध्ये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी काठावर शाकारून ठेवल्या जातात आणि इंजिन दोन महिने खाऱ्या, दमट हवेत पडून राहते. बंदी उठली की सेल्फ मारला जातो. स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र धरत नाही. मग बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत राहायचे आणि त्यानंतर एकामागून एक पार्ट बदलायचे, असे पुष्कळदा होते. यात पैसा जातो, वेळ जातो आणि दोष तसाच राहतो.

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, एका प्रश्नाने करायला हवी: इंजिन नेमके कधी धरत नाही? सकाळी थंड असताना, दीर्घ विश्रांतीनंतर, की तासभर चालून दहा मिनिटे बंद ठेवल्यावर? प्रत्येक वेळेमागचे विज्ञान वेगळे आहे.

आधी वेग, मग आग

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सुमारे अठरा पट दाबली जाते आणि त्या दाबानेच ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, तोच हा परिणाम. तीस अंशांची हवा अठरा पट दाबली तर हिशेबाने तिचे तापमान साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. डिझेल याच्या निम्म्याहून कमी तापमानाला आपोआप पेट घेते, म्हणजे कागदावर भरपूर सवड आहे.

प्रत्यक्षात ती सवड वेळ खाऊन टाकते. पिस्टन संथ वर आला तर दाबलेली हवा झिजलेल्या रिंगांमधून निसटते आणि उरलेली उष्णता थंड लोखंड शोषून घेते. शेतावरचे हँडलचे डिझेल इंजिन ज्यांनी चालू केले आहे, त्यांना हे शास्त्र हाताने ठाऊक आहे. आधी डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, फ्लायव्हीलला पुरेसा वेग द्यायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसला, तेव्हा माणसाच्या दंडाचे हे काम बॅटरीकडे गेले. म्हणून ‘डिझेल पेटत नाही’ या तक्रारीचे मूळ कित्येकदा बॅटरीत सापडते.

पूर्ण चार्ज झालेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना तो आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी दुबळी समजावी. पण बॅटरी धडधाकट असूनही स्टार्टर रेंगाळतो. खाऱ्या हवेने टर्मिनलवर चढलेला हिरवा-पांढरा थर जेमतेम एक शतांश ओहमचा अडथळा करतो; स्टार्टर दोनशे अँपिअर ओढत असेल तर त्या थरातच दोन व्होल्ट खर्ची पडतात. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरे तिच्यावरच्या क्लॅम्पवर धरून सेल्फ मारला की चोरी आकड्यात दिसते. अर्ध्या व्होल्टहून जास्त आले, तर नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल घासून काढावे.

धूर काय सांगतो

स्टार्टर जोमाने फिरतो, तरी इंजिन धरत नाही. आता एक्झॉस्टकडे पाहावे. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढरा धूर असेल तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. उष्णता किंवा कॉम्प्रेशन कमी पडते आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर पाहावा. निळसर धुरात इंजिन ऑइल जळत असते.

धूर नसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे इंजिनाने एअर धरलेली असणे. जुन्या पद्धतीचे नोझल साधारण २०० बार दाबाला उघडते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल बंदच राहते. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर हा दोष फार फसवा असतो. नळीला केसाएवढी चीर असली, तरी बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही. रात्रभरात चिरेतून हवा आत शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरते. संध्याकाळी नीट चालणारी बोट सकाळी रुसते ती अशी. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत एअर काढली की इंजिन धरते. पण चीर सापडेपर्यंत तीच सकाळ पुन्हा उगवते. पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडला की बुडबुडे कुठून येतात ते डोळ्यांना दिसते. एअर काढताना नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते.

दुसरा शत्रू पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीतल्या दमट हवेचे थेंब होतात आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात अमॉर्फोथेका रेझिनी नावाची बुरशी वाढते. ती इंधनातल्या हायड्रोकार्बनवर जगते आणि तिचा काळपट, चिकट गाळ फिल्टर चोंदवतो. फिल्टर बदलूनही आठवडाभरात इंजिन पुन्हा गुदमरू लागले, तर टाकीचा तळ तपासायला हवा.

पेट्रोलची बोट गरम झाल्यावर

जलाशयांत आणि किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या पेट्रोल स्पीडबोटींची, तसेच वॉटर स्कीइंगसाठी बनलेल्या कार्बोरेटरच्या जुन्या बोटींची तऱ्हा निराळी. या थंडपणी चोक ओढून सुरू होतात आणि गरम झाल्यावर अडतात. इंजिन बंद होताच थंड पाण्याचे फिरणे थांबते आणि लोखंडातली उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात. पेट्रोल उतू जाऊन सिलिंडरमध्ये उतरते आणि इंजिन ओव्हर होते. अशा वेळी चोक ओढणे म्हणजे दुखण्यात भर. चोक पूर्ण उघडा ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण देऊन सेल्फ मारला की जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते.

तरीही धरले नाही तर प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल आहे, ठिणगीवर संशय घ्यावा. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल हा जुना अनुभव आहे. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. बोट महिनोन्‌महिने उभी असेल तर पेट्रोलही शिळे होते: हलके घटक उडून जातात आणि थंड इंजिनाला पेटायला लागणारी वाफ मिळत नाही. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते.

इथे घाई नको

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती वाऱ्याबरोबर निघून जाते. बोटीच्या बंद तळात मात्र साचून राहते. म्हणून इंजिन आत बसवलेल्या पेट्रोल बोटीत सेल्फ मारण्याआधी किमान चार मिनिटे ब्लोअर चालवावा आणि तळाशी वास घेऊन पाहावा. प्लगच्या ठिणगीची परीक्षाही त्यानंतरच.

दुसरा धोका पाण्याचा. पुष्कळ बोटींत इंजिन थंड करणारे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेले असते आणि इंजिनाचा धूर ते बाहेर ढकलतो. इंजिन धरत नसताना पंप पाणी आणत राहतो, धुराचा जोर मात्र नसतो. पाणी सायलेन्सरमध्ये भरत जाऊन मागच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा बोटीत वारंवार सेल्फ मारावा लागला तर पाण्याचा कॉक बंद करावा आणि इंजिन धरताच उघडावा. सेल्फही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये. मधे स्टार्टरला निवायला वेळ द्यावा.

यातले बरेचसे काम मे महिन्यातच उरकता येते. बोट शाकारण्याआधी डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे ओलाव्याला जागा उरत नाही. वॉटर सेपरेटरच्या तळाचे पाणी सोडावे, बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी. पेट्रोलच्या बोटीत कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. ऑगस्टमध्ये नवा फिल्टर, काढलेली एअर आणि तपासलेले व्होल्टेज, एवढे झाल्यावरच सेल्फला हात लावावा.