पात्र, चरित्र आणि शील

मराठीत 'पात्र' हा शब्द तीन अर्थांनी वावरतो. भिक्खूच्या हाती असते ते पात्र, रंगभूमीवर अवतरते तेही पात्र आणि जो एखाद्या गोष्टीस योग्य ठरतो तोही पात्र. 'चरित्र' व 'चारित्र्य' ह्या शब्दांचे मूळही एकच, 'चर्' म्हणजे चालणे. मनुष्य जसा चालतो ते त्याचे चारित्र्य आणि त्या चालण्याची जी नोंद मागे राहते ते त्याचे चरित्र. परंतु भाषेने जे जवळ ठेवले ते आचरणात जवळ राहतेच असे नाही. रंगमंचावर शीलाचा महिमा गाणारा कलावंत आणि मंचावरून उतरलेला तोच मनुष्य ह्यांतील अंतराची चर्चा जयंतीनंतर आपल्या वस्त्यांतून होत असते. मात्र ती बहुधा निंदेपाशीच थांबते. ह्या प्रश्नाचा मूलगामी विचार संयुत्तनिकायातील तालपुट सुत्तात आढळतो.

तालपुट हा नटांचा प्रमुख होता. राजगृहातील वेळुवनात तो तथागतांकडे आला आणि त्याने विचारले, की सत्य व असत्य ह्यांच्या मिश्रणाने जो नट लोकांना हसवतो, रमवतो, तो मरणोत्तर हास्यमग्न देवांच्या लोकी जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले आहेत, ह्यावर आपले मत काय? तथागतांनी 'हे विचारू नकोस' असे सांगून त्याला दोनदा थांबविले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी उत्तर दिले. ज्यांचा राग, द्वेष व मोह सुटलेला नाही अशा लोकांपुढे नट त्याच विकारांना चेतविणारे विषय मांडतो. स्वतः उन्मत्त व प्रमत्त असून इतरांनाही तसेच करतो. त्याला स्वर्ग नव्हे, नरकच मिळायचा. नट स्वर्गास जातो ही समजूत मिथ्यादृष्टी होय, असेही ते म्हणाले.

येथील नरकाचे वर्णन आम्ही शब्दशः घेत नाही, डॉ. बाबासाहेबांचा धम्म स्वीकारणाऱ्यांना तसे करण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते तथागतांनी दाखविलेले दोषाचे स्थान. त्यांनी 'तू खोटे बोलतोस' असा आरोप तालपुटावर ठेवला नाही. अट्ठकथांनी मुसावादाची चार अंगे सांगितली आहेत : गोष्ट असत्य असणे, फसविण्याचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि ऐकणाऱ्याला ते कळणे. नटाच्या ठिकाणी फसविण्याचे चित्त नसते. समोर बसलेला प्रेक्षक हे नाटक आहे हे जाणूनच बसलेला असतो. म्हणून खलनायकाची भूमिका केल्याने शील भंगत नाही, तसेच साधूची भूमिका केल्याने शील प्राप्तही होत नाही. (ह्यातील दुसरी गोष्ट आपण पहिलीपेक्षा लवकर विसरतो.) उपोसथाच्या अष्टशीलात नृत्य, गीत व वादन वर्ज्य आहे, पंचशीलात नाही, हेही ध्यानात घ्यावे. दोष आहे तो प्रमादात.

ह्यानंतर तालपुट रडू लागला. तथागतांच्या उत्तराने आपण रडत नसून पूर्वाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसविले म्हणून रडत आहोत, असे त्याने सांगितले. परंपरेने पवित्र म्हणून दिलेली गोष्ट फसवणूक होती, हे उमगण्याचे दुःख आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तालपुट प्रव्रजित होऊन अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्या नावे पंचावन्न गाथा आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुखाने बोललेला हा नट त्या गाथांत प्रामुख्याने स्वतःच्या चित्ताशी बोलतो. नाटक्यासारखे पुन्हापुन्हा खेळ दाखवून तू मला भुलवतोस, असे तो चित्ताला बजावतो. तूच आम्हाला ब्राह्मण करतोस, क्षत्रिय करतोस, कधी वैश्य व शूद्र करतोस, असेही म्हणतो. वर्ण ह्या चित्ताने चढविलेल्या भूमिका होत, हे एका नटाने ओळखावे ह्यात आम्हाला नवल वाटत नाही. वेश उतरवता येतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

मग कला टाकावी काय? आंबेडकरी चळवळीने तसे मानले नाही. सत्यशोधक जलशांच्या वाटेने आलेल्या आंबेडकरी जलशांनी, ज्यांत भीमराव कर्डक अग्रभागी होते, मनोरंजनाची तीच साधने प्रबोधनासाठी वापरली. लोक हसले, परंतु हसून अधिक जागे झाले. तालपुटाच्या नाट्यात आणि ह्यांत भेद आहे तो हाच. डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात बाबासाहेबांची भूमिका मल्याळी अभिनेते मामूट्टी यांनी केली आणि १९९८ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. त्या अभिनयाचे मोल अभिनय म्हणूनच करावे. बाबासाहेबांची वा रमाईची भूमिका करणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवण्याची प्रथा मात्र आम्हाला मान्य नाही. त्यात भूमिका आणि मनुष्य ह्यांची गल्लत होते आणि त्या कलावंतावरही न पेलणारे ओझे पडते.

भीमगीते गाणारा गायक मद्यपी असेल तर? गीतातील सत्य त्याने खोटे ठरत नाही. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि गायक स्वतःला बौद्ध म्हणवत असेल तर ती त्याचीही आहे. भूमिका करणारा 'हा मी नव्हे' असे सांगून मोकळा होतो. प्रतिज्ञा घेणाऱ्याला तशी मुभा नाही, कारण तिच्यात 'मी' हाच कर्ता असतो.

लेखकाची स्थिती ह्याहून अवघड आहे. कादंबरीकार पात्रे निर्माण करतो. आत्मकथनकार जिवंत माणसांनाच पात्रे करतो. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी घरातले दारिद्र्य, व्यसने, अपमान उघडपणे मांडले आणि घरची लक्तरे वेशीवर टांगली म्हणून स्वजनांचे बोलही ऐकले. सत्य लिहिणे हा दोष नव्हे. तथापि सम्यक वाणीत असत्याबरोबर चहाडी, कठोर वचन व निरर्थक बडबडही वर्ज्य सांगितली आहे. व्यसनी बाप रंगवताना लेखकाचे चित्त त्याला त्या व्यसनाकडे ढकलणारी व्यवस्था पाहत आहे, की केवळ वाचकाला हळहळायला लावू पाहत आहे, हे त्याने लिहितानाच तपासावे. वाचकाला हा फरक दोन-चार पानांत कळतो.