खव्याचे दुकान, पानाची परीक्षा
भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा-पेढा मराठवाडाभर नावाजलेला. समजा, तो विकणाऱ्या वेबसाइटवर शंभर जण आले आणि दोघांनीच ऑर्डर दिली. हा झाला दोन टक्के रूपांतरण दर. तो वाढवायचा तर निम्म्यांना जुने पान, निम्म्यांना नवे दाखवावे आणि कोणत्यावर जास्त ऑर्डरी येतात ते पाहावे. वाटणी चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी. अमेरिकेच्या २००८च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी ओबामांच्या प्रचारकांनी वेबसाइटवरच्या बटणाचे शब्द आणि चित्रे अशीच पारखली. त्यांच्या लाडक्या व्हिडिओला कुटुंबाच्या साध्या फोटोने हरवले! नोंदणी ८.२६ वरून ११.६ टक्क्यांवर गेली. मात्र दोनाचे तीन टक्के झाले हे खात्रीने म्हणायला प्रत्येक पानाला सुमारे चार हजार माणसे लागतात. तेवढी येत नसतील तर चाचणी राहू द्या. आधी घरपोच खर्च आणि खवा किती दिवस टिकतो, ते पहिल्याच पानावर ठळक लिहा.