शेवळे घ्या, पण काकड विसरू नका

मागे एका जूनमध्ये घाटावरून आमच्या गावात बदलून आलेले एक कुटुंब रात्री नऊला दवाखान्यात आले. आठ वर्षांच्या मुलाचे ओठ सुजलेले, लाळ गळत होती, घशात सुया टोचतात म्हणून तो रडत होता. आईचीही जीभ खाजत होती. बाजारात शेवळांची जुडी दिसली, शेजारीण आवडीने घेत होती, म्हणून यांनीही घेतली. भाजीवालीने सोबत दिलेली हिरवी फळे मात्र "आंबट आहेत, कशाला?" म्हणून परत केली. तीच काकडे. मुलगा सकाळपर्यंत बरा झाला, पण ती रात्र आईवडिलांनी बसून काढली.

वळवाच्या सरी पडल्या की ठाकूर व कातकरी बाया पेण, अलिबाग, पनवेलच्या बाजारात शेवळे आणतात. शेवळ म्हणजे सुरणाच्या जातीतल्या रानकंदाचा फुलोरा. पान नंतर येते, फूल आधी. अळू, सुरणाप्रमाणे यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते तोंडाच्या नाजूक त्वचेत रुततात. ही खाज म्हणजे ॲलर्जीच असे नव्हे. पुरेशी काळजी न घेता शिजवले तर ती कोणालाही होईल.

साफ करताना हाताला खोबरेल तेल लावावे. बाहेरची जून आवरणे काढावीत. आतल्या दांड्यावरचा पिवळट, दाणेदार भाग फेकून द्यावा. तो सर्वांत खाजरा. उरलेले बारीक चिरून तेलात भरपूर परतावे आणि काकडे ठेचून, पाण्यात कोळून, गाळलेला रस घालून पूर्ण शिजवावे. काकड न मिळाल्यास चिंच वापरतात. मग वाल घाला, नाहीतर कोळंबी किंवा सोडे. (आमच्या घरी यावर दरवर्षी वाद होतो. माझे मत सोड्यांना.) घाई असेल त्या दिवशी शेवळे करूच नयेत.

तरीही खाज सुटली तर चूळ भरावी, गार दूध किंवा ताक घोट घोट घ्यावे. जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी टाळलेलीच बरी.

पावसाळ्यात ओढ्याकाठी नेच्यांचे गुंडाळलेले कोंबही दिसतात. हिमाचलात 'लिंगडी' म्हणून असे कोंब खातात, तेव्हा आपणही खुडावेत असे काहींना वाटते. पण नेचे अनेक जातींचे, आणि काही जाती विषारी. खाण्याजोगे मानलेले कोंबही कच्चे राहिल्याने १९९४ साली न्यूयॉर्क व पश्चिम कॅनडात अनेकांना उलट्या-जुलाब झाले होते. ओळख पटवणारे जाणते माणूस सोबत नसेल तर हात लावू नये.

शेवळ मात्र परसात लावता येते. कंद झाडाच्या सावलीत, पाणी न साचणाऱ्या भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या मातीत पुरावा. पावसाळ्यानंतर पान वाळून जाते, तेव्हा कंद मेला असे समजून जागा खणू नका. तो जमिनीत झोपलेला असतो. फूल खुडताना कंद उपटू नये. जागेवर खुणेचा दगड ठेवावा, नाहीतर उन्हाळ्यात कुदळ नेमकी तिथेच पडते. माझे दोन कंद असेच गेले.